फ्लाय ॲशपासून ग्लास-सिरॅमिक: पहिली बॅच घालण्याआधी हे वाचा

दरवर्षी नवे प्रवेश झाले की जळगाव-धुळ्याकडची दोन-तीन मुलं तरी विचारतात, "दीपनगरच्या राखेवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" दीपनगर म्हणजे भुसावळजवळचं औष्णिक वीज केंद्र, आणि ही राख म्हणजे तिथे कोळसा जाळल्यावर उरणारी फ्लाय ॲश. प्रत्येकाला तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, दोघांनाही चालेल. माझे पहिले आठ महिने जवळजवळ वाया गेले. हाताशी भट्टी होती, राख होती, उत्साहही होता. पण उष्णोपचाराची (काच ठरवून तापवण्याची) तापमानं मी दुसऱ्यांच्या शोधनिबंधांतून उचलली. माझी काच वेगळी, त्यांची वेगळी. माझ्या काचेला काय हवंय हे मी तिला विचारलंच नव्हतं. ते कसं विचारायचं, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

आधी थोडक्यात विषय. औद्योगिक कचरा (आपल्याकडे मुख्यतः औष्णिक केंद्राची राख, काही ठिकाणी फाउंड्रीचा स्लॅग म्हणजे धातू वितळवताना निघणारा मळ, बगॅसची म्हणजे उसाच्या चिपाडाची राख, फुटकी काच) वितळवून काच करायची आणि मग ती काच ठरवून, नियंत्रणात स्फटिकरूप करायची. जे तयार होतं ते ग्लास-सिरॅमिक. काच ठिसूळ असते, तडा गेला की सरळ आरपार जातो. आत बारीक स्फटिकांची दाट वीण असली की तडा अडखळतो, म्हणून ग्लास-सिरॅमिक जास्त कणखर आणि झिजेला टिकणारं असतं. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात झोतभट्टीच्या स्लॅगपासून 'स्लॅगसिटॉल' नावाच्या फरशा कारखान्यात निघत होत्या. म्हणजे कल्पना जुनी आणि चाललेली आहे. आपलं काम आपल्या राखेवर ती बसवायचं.

स्फटिकीकरण समजायला घरचं तूप आठवा. कढवलेलं तूप हळू थंड झालं तर छान रवाळ होतं आणि एकदम गार केलं तर गुळगुळीत गोळा होतो. रवा किती मोठा आणि किती दाट, हे थंड होण्याच्या वेगावर ठरतं. काचेत दोन गोष्टी वेगवेगळ्या तापमानाला घडतात. कमी तापमानाला स्फटिकाचं बी पडतं, त्याला न्यूक्लिएशन म्हणतात. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर ते बी वाढतं. बी पुरेसं पडायच्या आधीच वाढीच्या तापमानाला पोहोचलात तर थोडे, मोठे, वेडेवाकडे स्फटिक मिळतात आणि तुकडा तडकतो.

१. राख आणण्याआधी: कागदपत्रं आणि सामान

राख म्हणजे कचराच, कोण विचारतंय, असं समजून गेटवर जाऊ नका. मी तसाच गेलो होतो आणि दुपारभर उन्हात उभा राहून रिकाम्या हाताने परतलो. सोबत ठेवायचे कागद:

- विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र. त्यात किती किलो राख, कोणत्या प्रकारची आणि कशासाठी, हे स्पष्ट लिहिलेलं असावं.
- स्वतःचं ओळखपत्र आणि गाईडची संमती.
- राख कोणत्या युनिटची, कोणत्या हॉपरची (राख साठण्याच्या नरसाळ्याची) आणि कोणत्या तारखेची, हे तिथल्या माणसाकडून लिहून घेण्यासाठी एक कोरा फॉर्म. हा फॉर्म मी स्वतः बनवला. पुढे परीक्षकांनी सगळ्यात आधी तोच मागितला.

राख तीन तऱ्हेची मिळते. ईएसपीच्या (धुरातली राख विजेच्या साहाय्याने पकडणाऱ्या यंत्रणेच्या) हॉपरमधली कोरडी बारीक फ्लाय ॲश, बॉयलरच्या तळाची जाड बॉटम ॲश आणि तळ्यात सोडलेली पाँड ॲश. नवख्याने ईएसपीचीच घ्यावी. पाँड ॲश फुकट आणि भरपूर मिळते, पण तळ्यात पाण्याबरोबर वाहताना जाड कण पाइपाच्या तोंडापाशी बसतात आणि बारीक कण लांब जातात. एकाच तळ्यातल्या दोन जागांची राख एकसारखी निघत नाही, शिवाय तिच्यात मातीही मिसळलेली असते.

एकदम वीस-पंचवीस किलो आणा आणि सगळी एकाच वेळी नीट मिसळून हवाबंद डब्यांत भरा. कोळसा बदलला की राख बदलते. दोन किलो आणून काम सुरू केलं आणि सहा महिन्यांनी परत आणायला गेलात तर ती तुमची राख नसेल.

एक सावधगिरी. फ्लाय ॲशऐवजी एमआयडीसीतल्या प्लेटिंगचा (धातूचा मुलामा देण्याच्या कामाचा) किंवा ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ वापरायचा असेल तर तो घातक कचरा धरला जातो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्याची वाहतूक आणि साठवण परवानगीशिवाय करता येत नाही. ओळखीच्या कारखानदाराने पिशवीत घालून दिला तरी घेऊ नका. गाईडमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर विचारणा करा.

प्रयोगशाळेत लागणारं सामान: १४५० अंशांपर्यंत जाणारी भट्टी (साध्या मफलला, म्हणजे पेटीसारख्या विजेच्या भट्टीला, हे झेपत नाही, सिलिकॉन कार्बाइड किंवा मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या सळ्यांची लागते), ९०० ते १००० अंशांची दुसरी साधी मफल फर्नेस, ॲल्युमिनाच्या मुशी, लांब दांड्याचे चिमटे, ओतण्यासाठी स्टीलची किंवा ग्रॅफाइटची जाड पाटी, अ‍ॅगेटचा खल, चाळण्यांचा संच, तोंड झाकणारं शील्ड, चामड्याचे हातमोजे आणि एन-९५ मास्क. हो, आणि सुती कपडे. भट्टीसमोर टेरिलिनचा शर्ट घालून कोणी उभं राहू नये. ठिणगी पडली तर तो नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो.

२. राखेची ओळख करून घ्या

राख आणली की पहिलं काम एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी कोणता घटक किती आहे ते मोजणं. आपल्याकडच्या कोळशाची राख सहसा कमी कॅल्शियमची असते. सिलिका साधारण ५५ ते ६५ टक्के, ॲल्युमिना २५ ते ३० टक्के, लोह-ऑक्साइड ४ ते ६ टक्के आणि कॅल्शियम ऑक्साइड जेमतेम १ ते ३ टक्के. तुमच्या राखेचे आकडे वेगळे असतील, तेच वापरा.

दुसरं काम 'लॉस ऑन इग्निशन', म्हणजे तापवल्यावर घटणारं वजन. राखेत न जळलेला कोळसा असतो. तो तसाच बॅचमध्ये गेला तर दोन ठिकाणी त्रास देतो. वितळताना वायू सोडून फेस आणतो आणि लोहाचं क्षपण करतो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेतो. लोह फेरिकचं फेरस झालं की काचेचा चिकटपणा बदलतो आणि स्फटिकीकरणही बदलतं. म्हणून राख आधी पसरट थाळीत ८५० अंशांना दोन तास भाजून घ्या. काळपट राख भाजल्यावर फिकट तांबूस दिसू लागते. मधली राख अजून काळीच असेल तर थर जाड झालाय. उलथून परत भाजा.

राखेचा एक्सआरडीही (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायचा आलेख) काढून ठेवा. त्यात क्वार्ट्झ आणि मुलाइट हे स्फटिक दिसतील. मुलाइट फार चिवट, सहजासहजी विरघळत नाही. पुढे काचेच्या एक्सआरडीत मुलाइटचं पीक, म्हणजे आलेखातलं टोक, दिसलं तर समजायचं की वितळणं अपुरं राहिलंय, नवीन स्फटिक तयार झालेला नाही. हा फरक कळायला राखेचा मूळ आलेख जवळ हवा.

३. बॅचचा हिशेब

नुसती राख १४५० अंशांना नीट वितळून ओतता येत नाही. सिलिका आणि ॲल्युमिना फार आहेत. तिला पातळ करायला चुना, मॅग्नेशिया आणि थोडा सोडा लागतो. मी डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कार्बोनेट दगड) आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरले. हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणावरून सांगतो.

भाजलेली राख ६० ग्रॅम, डोलोमाइट ४० ग्रॅम, सोडा ॲश १० ग्रॅम. एकूण ११० ग्रॅम. पण मुशीत ११० ग्रॅम काच होणार नाही. शुद्ध डोलोमाइटमधला जवळजवळ ४८ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातो, सोडा ॲशमधला साधारण ४१ टक्के. म्हणजे २३ ग्रॅम वायू गेला आणि काच उरली ८७ ग्रॅमच्या आसपास. राखेत ६० टक्के सिलिका आणि २६ टक्के ॲल्युमिना धरली तर या काचेत सिलिका ४१ टक्के, ॲल्युमिना १८, कॅल्शियम ऑक्साइड १५, मॅग्नेशियम ऑक्साइड १०, सोडियम ऑक्साइड ७ टक्क्यांच्या जवळपास येतं. उरलेलं लोह, टायटॅनियम, पोटॅशियम वगैरे. अशी काच डायोप्साइड आणि ॲनॉर्थाइट या दोन स्फटिकांच्या बाजूला झुकते. आपल्याला हवेत तेच.

नवीन मुलं इथे हमखास एक चूक करतात. ऑक्साइडची टक्केवारी आणि कच्च्या मालाची टक्केवारी एकच समजतात. शोधनिबंधात '१५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड' लिहिलेलं असतं आणि मुलगा १५ ग्रॅम चुनखडी टाकतो. १०० ग्रॅम चुनखडीतून फक्त ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड मिळतं. एक्सेलची शीट बनवा, त्यात दर वेळी हाताने आकडे भरा, आणि शेवटी काचेचा एक्सआरएफ करून हिशेबाशी ताडून पाहा.

सोडा ॲश पावसाळ्यात ओलावा धरते. जुलै-ऑगस्टमध्ये ११० अंशांना रात्रभर वाळवल्याशिवाय वजन करू नका. बी पडायला मदत म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड, क्रोमियम ऑक्साइड किंवा कॅल्शियम फ्लोराइड थोड्या प्रमाणात घालतात. पहिल्या बॅचमध्ये काहीच घालू नका. राखेतलं लोह आणि टायटॅनियम स्वतःच बऱ्यापैकी काम करतात. ते किती करतात हे आधी कळू द्या. कोणी केळीच्या खांबाची राख वापरायचं सुचवेल. रावेर-यावलकडे ती हवी तेवढी मिळते आणि तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे कल्पना चांगलीच आहे. पण तो दुसरा प्रोजेक्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला.

४. वितळवणं

सगळं पन्नास मिनिटं तरी खलून किंवा बॉल मिलमध्ये मिसळून घ्या आणि मूस एक-तृतीयांशच भरा.

हे मी ठळकपणे सांगतोय कारण माझी दुसरी बॅच इथेच गेली. मूस मी पाऊण भरली होती. वरच्या उदाहरणातला २३ ग्रॅम वायू खोलीच्या तापमानाला १३ लिटर होतो आणि ९०० अंशांना ५० लिटरच्या पुढे. चहाच्या कपाएवढ्या मुशीतून पन्नास लिटर वायू बाहेर पडायचा असतो! मी ताशी ६०० अंशांच्या वेगाने तापवत नेलं. पीप-होलमधून पाहिलं तर मुशीवर तांबूस फेसाची छत्री उभी होती, ती डोळ्यांदेखत कडेवरून ओघळली आणि भट्टीच्या तळाच्या विटेत मुरली. मूस विटेला कायमची चिकटली. वीट बदलून मिळायला तीन महिने गेले आणि तोवर विभागातल्या सगळ्यांचंच काम थांबलं.

म्हणून तापवायची पद्धत अशी: ६०० अंशांपर्यंत मिनिटाला ५ अंश, मग ९५० अंशांपर्यंत मिनिटाला २ ते ३ अंश, ९५० ला एक तास थांबा. वायू निघून गेला की मग १४०० ते १४५०. तिथे दोन तास. मधे एकदा मूस हलवून किंवा ॲल्युमिनाच्या दांडीने ढवळून घ्या, नाहीतर वरचा आणि तळाचा रस वेगळा राहतो. मुशीखाली नेहमी ॲल्युमिनाची पावडर पसरलेली बशी ठेवा. सांडलं तर बशी जाईल, भट्टी वाचेल.

प्लॅटिनमची मूस उपलब्ध असली तरी या कामाला वापरू नका. राखेत लोह आहे आणि कोळशाचा अंशही. क्षपण झालेलं लोह प्लॅटिनममध्ये मिसळतं आणि मूस भोकं पडून जाते. ॲल्युमिनाची मूस थोडी विरघळते, काचेतलं ॲल्युमिना एखाद-दोन टक्क्यांनी वाढू शकतं. तेही काचेच्या एक्सआरएफमध्ये दिसेल.

विजेचं काय? आपल्याकडे हा प्रश्न वगळून चालत नाही. १४०० अंशांची भट्टी इन्व्हर्टरवर चालत नाही. त्या फीडरचं लोडशेडिंग किंवा दुरुस्तीचा दिवस आधी विचारून घ्या आणि बॅच पहाटे लावा. मे महिन्यात तर पहाटेच. दुपारी ४४-४५ अंशांत भट्टीची खोली माणसाला सहन होत नाही आणि घामाने ओला झालेला हातमोजा गरम चिमट्यावर वाफ धरून भाजतो. वीज गेलीच तर दार उघडू नका. तसंच बंद ठेवून थंड होऊ द्या आणि ती बॅच 'खंडित' अशी नोंद करून बाजूला काढा. पुन्हा तापवून आकडे चांगल्या बॅचमध्ये मिसळू नका. कंट्रोलरचं ऑटो-रीस्टार्ट बंद आहे की चालू, हेही पाहून ठेवा. वीज परत आल्यावर भट्टी आपल्या मनाने कुठल्या टप्प्यावरून सुरू होते हे आधी माहीत हवं.

५. ओतणं आणि ॲनीलिंग

रस काकवीसारखा धार धरून पडला पाहिजे. तुटक तुटक, मऊ मेणासारखा गोळा पडत असेल तर तापमान कमी आहे किंवा राखेचं प्रमाण जास्त. पाटी ४०० ते ५०० अंशांना तापवून ठेवा. गार पाटीवर तुकडा टणकन उडतो आणि त्याची किरच डोळ्यात जाऊ शकते. थोडा रस तापलेल्या पाटीवर ओता आणि उरलेला पाण्याच्या बादलीत. पाण्यातली फुटकी काच डीटीए (तापवताना काचेत होणारे बदल टिपणारी चाचणी, पुढच्या भागात येते) आणि एक्सआरडीला, पाटीवरचा तुकडा उष्णोपचाराला.

पाटीवरचा तुकडा लालसरपणा ओसरताच दुसऱ्या मफलमध्ये ६२० ते ६५० अंशांना दोन तास ठेवा आणि मिनिटाला एक-दोन अंशांनी उतरवा. हेच ॲनीलिंग, यात काचेतला ताण निघून जातो. काच काळी, चकचकीत दिसेल, लोहामुळे. कडेला धरून उजेडात पाहिलं तर पातळ कडा बाटलीसारखी हिरवी-तपकिरी दिसते. आत राखाडी ठिपके किंवा दुधी पट्टे दिसले तर ती पुढे नेऊ नका, परत वितळवा.

६. काचेला विचारा: डीटीए

हा टप्पा घाईत उरकू नका. माझे आठ महिने यामुळेच गेले.

डीटीए किंवा तिच्याच जातीच्या डीएससी चाचणीत चिमूटभर काचेची पावडर ठरलेल्या वेगाने तापवतात. आलेखात आधी एक हलकी उतरण दिसते, तो काच-संक्रमणाचा बिंदू, म्हणजे कडक काच मऊ पडू लागते ते तापमान. अशा काचेत तो साधारण ६५० ते ७०० च्या दरम्यान सापडतो. मग वर जाणारं ठळक पीक, तिथे उष्णता बाहेर पडते, ते स्फटिकीकरण. पुढे खाली जाणारी दरी, ते वितळणं.

डीटीएकडून तीन प्रश्नांची उत्तरं काढायची असतात.

पहिला: स्फटिक पृष्ठभागावरून वाढतात की आतून? एकाच काचेचे दोन नमुने करा. एक ६३ मायक्रॉनच्या खालची बारीक पावडर, दुसरा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे जाड कण. दोन्हींचं पीक एकाच तापमानाला आलं तर स्फटिक आतूनही उगवतायत. जाड कणांचं पीक उंच तापमानाकडे सरकलं आणि बसकं झालं तर स्फटिकीकरण पृष्ठभागावरून होतंय. या दुसऱ्या प्रकारच्या काचेचा अखंड तुकडा तापवलात तर घाईत भाजलेल्या भरताच्या वांग्यासारखं होतं, बाहेरून करपलेलं आणि आत कच्चं. वरची साल आकसते आणि तुकडा फाटतो. अशी काच सापडली तर निराश होऊ नका. ती दळून, गोळ्या दाबून, सिंटरिंगबरोबरच (न वितळवता तापवून कण एकजीव करताना) स्फटिकीकरण करायचं. फरशा करायची तीही मान्य पद्धत आहे. फक्त हे पहिल्या महिन्यात कळायला हवं.

दुसरा: बी सगळ्यात जास्त कुठे पडतं? काच-संक्रमणाच्या बिंदूपासून २० अंश वर, ४० अंश वर, ६० अंश वर असे नमुने एकेक तास ठेवा आणि मग प्रत्येकाचा डीटीए काढा. ज्या नमुन्याचं स्फटिकीकरणाचं पीक सगळ्यात कमी तापमानाला येतं, त्यात बी सगळ्यात जास्त. तेच तुमचं न्यूक्लिएशनचं तापमान. पाच-सहा रन लागतात आणि प्रत्येक रनचे पैसे मोजावे लागतात, म्हणून मुलं हे टाळतात. टाळू नका. आधीच्या आठ महिन्यांत फुकट गेलेल्या मुशींच्या पैशांत हे सगळे रन होऊन वर शिल्लक राहिली असती.

तिसरा: स्फटिकीकरणाची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ते घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, किती? यासाठी १९५७ ची किसिंजरची पद्धत वापरतात. मिनिटाला ५, १०, १५ आणि २० अंश असे चार वेग घ्या. प्रत्येक वेगाला तापवण्याचा वेग भागिले पीक तापमानाचा वर्ग, याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा आणि तो पीक तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा. रेषेच्या उताराला (ऋण चिन्ह सोडून) ८.३१४ ने गुणलं की ऊर्जा मिळते.

तापमान केल्व्हिनमध्येच घ्यायचं. समजा ५ अंशांच्या वेगाला पीक ८८० अंश सेल्सिअसला आणि २० च्या वेगाला ९२१ ला आलं. केल्व्हिनमध्ये ते ११५३ आणि ११९४ होतात आणि ऊर्जा साधारण ३६७ किलोज्यूल प्रति मोल येते. हेच सेल्सिअस आकडे तसेच घातले तर उत्तर २१३ येतं. दोन्ही आकडे ऐकायला खरे वाटतात, रेषाही दोन्हीकडे सरळ येते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. ही चूक मी सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एका ज्युनियरच्या प्रबंधात पाहिली आहे.

अजून एक. पीकच्या रुंदीवरून ॲव्हरामीचा घातांक, म्हणजे स्फटिक कसे वाढतात हे सुचवणारा आकडा, काढतात. तो १ च्या जवळ असेल तर पृष्ठभागावरचं स्फटिकीकरण, ३ च्या जवळ असेल तर आतून तिन्ही दिशांनी वाढ, असा ढोबळ अर्थ लावतात. वरच्या जाड-बारीक कणांच्या चाचणीशी तो जुळतो का पाहा. जुळत नसेल तर मी कणांच्या चाचणीवर विश्वास ठेवतो.

७. दोन टप्प्यांचा उष्णोपचार

आता तापमानं तुमच्या हातात आहेत. समजा न्यूक्लिएशन ७२० ला आणि वाढीचं पीक ९०० ला आलं. तुकडा मिनिटाला ५ अंशांनी ७२० ला न्या, दोन तास थांबा. मग मिनिटाला २-३ अंशांनी ९०० ला न्या, एक ते दोन तास थांबा. मग भट्टी बंद करून तशीच थंड होऊ द्या.

भट्टीच्या डिस्प्लेवर आंधळा विश्वास नको. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंगमध्ये स्टूकी नावाचे शास्त्रज्ञ काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवत होते. कंट्रोलर बिघडला आणि भट्टी ९०० वर गेली. वितळून डबकं झालं असेल म्हणून पाहिलं तर तुकडा अखंड, पांढरा आणि अपारदर्शक झालेला. हातून खाली पडला तरी फुटला नाही. ग्लास-सिरॅमिकचा शोध तिथून लागला. आपल्याकडे अशी चूक बहुधा नमुनाच घेऊन जाते. तुकड्याशेजारी स्वतंत्र थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा. माझ्या मफलमध्ये दार आणि मागची भिंत यांत ३५ अंशांचा फरक निघाला होता.

झालेला तुकडा कसा दिसतो? काळी चकाकी जाते, तपकिरी किंवा करडा मॅट रंग येतो. फोडला तर तुटलेली बाजू काचेसारखी शिंपल्याच्या वळणाची नसते, बारीक दाण्यांची, चिनी मातीच्या कपासारखी दिसते. बाहेर मॅट आणि मधोमध अजून काळी चकचकीत पट्टी असेल तर ती साल आहे. सहाव्या भागातल्या पहिल्या प्रश्नाकडे परत जा.

८. तपासणी

एक्सआरडी १० ते ८० अंशांपर्यंत काढा (हे अंश तापमानाचे नव्हे, कोनाचे). काचेच्या आलेखात २० ते ३५ अंशांमध्ये नुसता एक फुगवटा असायला हवा. उष्णोपचारानंतर ॲनॉर्थाइटचं मुख्य पीक २८ च्या जवळ, डायोप्साइडचं २९.८ च्या जवळ दिसेल. वोलॅस्टोनाइट या आणखी एका स्फटिकाचंही एक मोठं पीक ३० च्या अगदी जवळ येतं, म्हणून एका पीकवरून नाव ठरवू नका, निदान तीन-चार पीक जुळवा. ४३.३ च्या जवळ पीक दिसलं तर मुशीच्या ॲल्युमिनाचा तुकडा आलाय का ते बघा. नमुने पाठवताना वजन, कणांचा आकार आणि स्कॅनचा वेग लिहून द्या. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने माझे सहा नमुने इतक्या भराभर स्कॅन करून पाठवले की पीक आणि गोंधळ वेगळे करता येईनात, आणि मीही वेग कुठे लिहून दिला नव्हता.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) पॉलिश केलेला तुकडा सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवतात, म्हणजे काचेचा भाग खरवडला जाऊन स्फटिक उठून दिसतात. हे आम्ल एकट्याने हाताळू नका. कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. या आम्लाच्या जखमेवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल टेबलावर आल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. जेल नसेल तर एचिंग (आम्लात बुडवणं) न करता बॅकस्कॅटर्ड इमेज (परत उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं चित्र) घ्या. लोह असलेले स्फटिक तिच्यात उजळ दिसतात आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने आणि व्हिकर्स कठीणपणा (हिऱ्याच्या टोकाने दाबून मोजतात तो), दोन्ही काचेचं आणि ग्लास-सिरॅमिकचं शेजारी शेजारी ठेवा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो.

९. लीचिंग, म्हणजे यातून काही झिरपतं का

कचऱ्यापासून बनवलेली फरशी कोणाच्या अंगणात बसणार असेल तर ही चाचणी हवीच. टीसीएलपी चाचणीत ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेला माल त्याच्या वीसपट वजनाच्या आम्लयुक्त पाण्यात १८ तास, मिनिटाला ३० फेऱ्यांनी फिरवतात. मग पाणी गाळून त्यातले धातू मोजतात. शिसं, क्रोमियम आणि आर्सेनिकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियमची १ मिलिग्रॅम.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. काच सगळं घट्ट धरून ठेवते म्हणून ग्लास-सिरॅमिकही धरेल, असं गृहीत धरू नका. स्फटिक वाढताना त्यांच्या जाळीत न बसणारे धातू उरलेल्या काचेत ढकलले जातात. ती उरलेली काच मूळ काचेपेक्षा कमी टिकाऊ असू शकते आणि तीच आधी विरघळते. क्रोमियम स्पिनेलसारख्या स्फटिकात अडकलं तर उलट जास्त सुरक्षित राहतं. म्हणून कच्ची राख, काच आणि ग्लास-सिरॅमिक, तिन्हींची चाचणी एकाच दिवशी, एकाच पाण्याने करा. चौथा डबा कोऱ्या पाण्याचा ठेवा.

चाचणीला दिल्यावर प्रत्येक बॅचची मूठभर काच, मूठभर ग्लास-सिरॅमिक आणि अर्धा किलो मूळ राख वेगवेगळ्या डब्यांत घाला. डब्यावर बॅच क्रमांक, तारीख, हॉपर आणि भट्टीचा प्रोग्राम पेन्सिलीने लिहा. शाई आमच्याकडच्या उन्हाळ्यात उडून जाते. व्हायव्हापर्यंत यातला एकही डबा कोणाला देऊ नका.